घासूमावशीचं वेगळं रजिस्टर

तोंडाला बाई कितीही रंगरंगोटी करून येवो, एकदा पालथी झाली की घासूमावशीला सगळं कळायचं. कोण दिवसभर खुर्चीत बसते, कोण मूल एकाच कडेवर घेते, कुणाच्या पाठीला वर्षभरात दुसऱ्याचा हात लागलेला नाही.

ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत तिने एकोणीस वर्षं बायकांची अंगं घासली. आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, मग तेलात कालवलेलं जाडं मीठ. गळ्याला आणि नाजूक जागी साखर, कारण तिथे मीठ झोंबतं. मेलेल्या कातडीच्या करड्या वळ्या निघायच्या आणि खालून मऊ, गुळगुळीत अंग. हातमोजे ती घालत नसे. "मोज्याला काय कळतंय, कुठे थांबायचं?"

घरी ती एकटीच. बहिणीची पोरगी वाढवली, लग्न करून दिली. ती रविवारी फोन करायची, तोही भांडी घासता घासता. मावशीचा खरा संसार म्हणजे सकाळची दहा मिनिटं, पार्लरच्या दारातली. आठ-नऊ पोरी, ढकलाढकली, कोपरखळ्या, कालच्या गिऱ्हाइकांच्या नकला.

त्या दारात नव्या मॅनेजरने हजेरीचं यंत्र बसवलं. अंगठा लावला की हिरवा दिवा. मावशीने लावला तर लाल. पुन्हा लाल.

"मावशी, तुम्ही बहुतेक काल रात्रीच गेलात," एक पोरगी म्हणाली. मावशी सगळ्यांत जास्त हसली. मग एकीने तिचा अंगठा ओढणीला पुसला, दुसरीने त्यावर फुंकर मारली, तिसरीने तो यंत्रावर दाबून धरला. आठवडाभर रोज हाच खेळ. आठव्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "यंत्र ओळखत नसेल तर मीही ओळखत नाही. पुढच्या महिन्याअखेर अंगठा उमटला नाही, तर दुसरीकडे बघा."

मावशी आमच्या कामकरी बायकांच्या संघटनेच्या खोलीत आली ती अशी. पन्नाशीत दुसरीकडे बघा म्हणजे कुठे? मी तिला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने एकेक बोट भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिलं.

"मिठाने रेघा झिजल्यात. महिनाभर हातांना आराम द्या, परत येतील."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे ही कामावर आहे हे दाखवायला हिने काम सोडून घरी बसायचं?"

"मी कातडीचं सांगतो, बाई. मॅनेजरचं तुम्ही बघा."

जिना उतरताना मावशी म्हणाली, "किती वेळ हात धरून बसला होता गं." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माझ्या डोक्यात मॅनेजरशी करायचं भांडण शिजत होतं.

तिने महिन्याची बिनपगारी रजा काढली. मी एकदा तिच्या खोलीवर गेले, तर बाई हातांना तेल लावून, ते मांडीवर उताणे ठेवून बसलेली. पाठीमागे दोरीवर एक ओला टॉवेल, दोन्ही टोकांना गाठी मारलेला.

"हे काय?"

"पाठ घासायला. तरी मधली जागा राहतेच. एवढ्या जणींच्या पाठी केल्या आणि माझी मलाच पोहोचत नाही, बघ."

टॉवेल हातभर अंतरावर होता. मला मीटिंगला उशीर होत होता. मी चहा पिऊन निघाले.

रेघा आल्या. यंत्राने अंगठा घेतला, पोरींनी टाळ्या वाजवल्या. बाराव्या दिवशी परत लाल. मीठ आपलं काम चोख करत होतं.

मग मात्र मी पार्लरमध्ये जाऊन मॅनेजरच्या समोरची खुर्ची ओढली. तो म्हणाला, मोजे घाला. मी म्हटलं, तसं गिऱ्हाइकांना सांगून बघ, उद्या इथे माश्या मारत बसशील. एकोणीस वर्षांचं काम एका डबड्याला दिसत नसेल तर डबडं बदल. तासाभराने तो नमला. मावशीसाठी वेगळं रजिस्टर, रोज सही, नोकरी कायम. मी तो किस्सा पुढे चार सभांमध्ये सांगितला.

तीन महिन्यांनी सहज डोकावले. रजिस्टर मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं. पानावर एकाखाली एक मावशीची सही, जपून काढलेली, आणि शेजारच्या सगळ्या रकान्यांत कोरा कागद. पुढून पोरींचा गलका ऐकू येत होता.

"तू पुढे नाही जात?"

"पुढचं दार यंत्रवाल्यांचं. मॅनेजर म्हणतो, तिथे उगाच गर्दी नको."

"काम टिकलं ना पण?"

"टिकलं की. तू भांडलीस म्हणून टिकलं." तिने पेन दोरीला अडकवलं. "पोरी फुंकर मारायच्या गं, अंगठ्यावर."

मी म्हटलं, "आत्ता जाते आणि हे रजिस्टर पुढच्या दाराशी लावून घेते."

"लावशील तू," मावशी म्हणाली. "पण सही करायला दुसरं माणूस कशाला लागतंय?"

आत टॉवेलाचं पाणी उकळायला लागलं होतं. ती बाह्या वर करत आत गेली.