कासाराचं पतन, एका टेकमध्ये

“मले पाडा! आत्ताच्या आत्ता पाडा! पार मातीत घाला मले!”

सुधाकरभाऊ कासार माझ्या एडिटिंगच्या खोलीच्या दारात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की लोणारच्या विवरात दुसरी उल्का पडली समजून खालचे मोर उडाले आणि स्टँडवरची मेहकरची गाडी वेळेच्या आधी सुटली. गाडीचं कुणी मानत नाही, पण मी पाहिलं आहे.

मी पंधरा वर्षं लग्नाची शूटिंग केली. आता उभ्या सिरियल करतो. उभ्या म्हणजे फोन उभा धरून बघायच्या. एक एपिसोड दीड मिनिटाचा. तेवढ्यात कुणी प्रेम करतं, कुणी दगा देतं आणि शेवटी ‘हुक’ येतो. हुक म्हणजे गोष्ट अशा जागी तोडायची, की बघणाऱ्याचा घास हातातच राहावा. आमच्या सिरियलमध्ये गरीब मीरा होती, श्रीमंत चांदनी होती आणि मीराला फसवून चांदनीकडे जाणारा विक्रांत होता. विक्रांत म्हणजे हे सुधाकरभाऊ. बाजारात बांगड्यांचं दुकान, आणि चेहरा असा की आरसा आधी केस नीट करील.

पण कॅमेऱ्यासमोर हातांचं काय करायचं, हे त्यांना कळेना. दोरीवर वाळत घातल्यासारखे हात लोंबत राहायचे. अठरा रीटेक झाले. तेव्हा मला अक्कल सुचली आणि तिथंच माझी चूक झाली.

“भाऊ,” मी म्हणालो, “रोज करता तेच करा. मीराच्या हातात बांगड्या भरा अन् डायलॉग म्हणा.”

काय सांगू! विवराच्या कडेवरचं ते अंगण, खाली तळ्यावर दुधासारखं धुकं, त्यातून कुठल्याशा देवळाचा कळस तरंगत असलेला. त्या धुक्यात भाऊंचे हात मीराची मूठ हलकेच दाबून एकेक हिरवी बांगडी चढवत होते आणि ते म्हणत होते, “जन्मभर तुझाच.” काच किणकिणली तशी मला झोपेत चालल्यासारखी गुंगी आली. पुढच्याच एपिसोडमध्ये त्याच हातांनी, तसंच हलकेच, त्यांनी चांदनीला बांगड्या भरल्या. शब्दही तेच. क्लोजअप फक्त हातांचा.

हुक जबरदस्त बसला. तो जाऊन रुतला मात्र सुधाकरभाऊंच्या दुकानात.

कासाराचा धंदा हातावर चालतो. परकी बाई ज्याच्या हातात आपला हात निर्धास्त देते, असा पुरुष बाजारात एकच. आता बाया ओट्यावर बसायच्या, हात पुढे करायच्या, भाऊंची बोटं लागली की हात मागे. “राहू द्या, डझन बांधून द्या. आमी घरीच घालू.” कासाराला हे म्हणजे स्वयंपाक्याला सांगावं, तू फक्त तांदूळ मोजून दे. खोटं वाटेल, पण खुद्द त्यांच्या बायकोनं संक्रांतीच्या बांगड्या मेहकरहून मागवल्या.

मी आधी साधा उपाय केला. विक्रांतला पश्चात्ताप दिला. तळ्याकडे तोंड करून भाऊ इतके रडले, की खाली पाणी बोटभर वाढलं. बायांवर परिणाम शून्य. एक जण दुकानासमोरच म्हणाली, “आता रडू रडू तिसरीले फसवते हा.”

म्हणून भाऊ माझ्या दारात ओरडत होते.

“रडणं पुरे झालं, भाऊ. वीस वर्षं झाले मी बायांच्या हातात बांगड्या भरून राह्यलो. एकीचा हात कधी दुखवला नाई. माह्या हाताले बट्टा तुमी लावला. आता तुमीच पाडा मले.”

मी पुण्याला निर्मात्यांना फोन लावला.

“विक्रांतला पाडायचं?” साहेब दचकले. “अहो, सीझन टू त्याच्यावर आहे!”

“साहेब, तो पडला नाही तर त्याचं दुकान पडतं.”

“दुकान कुठल्या एपिसोडला आहे?”

“खरं दुकान, साहेब. बाजारातलं.”

फोनवर कागद फाडल्याचा आवाज आला. “बरं, पाडा. पण सुंदर पाडा.”

मग मी लिहिलं. चांदनी विक्रांतला हाकलते. तो गावोगाव बांगड्या विकत फिरतो. एका लग्नघरी चुडा भरायला बोलावणं येतं. नवरी हात पुढे करते. ती मीरा असते. चुडा भरून होतो आणि ती त्याच्या थोबाडीत मारते.

शूटिंगला पुन्हा तेच अंगण, तेच धुकं. भाऊंनी चुडा भरला. आमच्याकडे चुडा भरला की नवरी कासाराला वाकून नमस्कार करते, मगच उठते. मीराचं काम करणारी कीर्ती, इथलीच, पार्लर चालवते. तिनं थोबाडीत मारली नाही. तिनं भाऊंकडे एकदा पाहिलं आणि नमस्कार न करता उठून गेली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

भाऊंचे हात तसेच उघडे राहिले. धुकं त्या तळव्यांवर उतरल्यासारखं वाटलं. कट म्हणायचं मी विसरलो. सूर्यसुद्धा विवराच्या काठावर दोन मिनिटं अडला. कीर्ती म्हणते, ढग होता.

“वीस वर्षांत एकबी बाई अशी उठून नाई गेली, बाप्पा,” भाऊ शेवटी म्हणाले. डोळ्यांना ग्लिसरीन नव्हतं.

एपिसोड लागला. पुढच्याच बाजाराला दुकानाच्या ओट्यावर बसायला जागा नव्हती. आमच्या धंद्यातला धडा एवढाच, की दगाबाजाला रडवून भागत नाही. लोकांच्या डोळ्यांदेखत पाडावं लागतं.

मी ऐटीत ओट्याशी उभा होतो. एक मावशी दोन्ही हात भाऊंच्या पुढ्यात टाकून बसल्या होत्या.

“मग मावशी,” मी विचारलं, “केलं का माफ विक्रांतले?”

“माफ कायचं? हात भरायले आली मी,” मावशी म्हणाल्या. “उद्या पोरीची हळद हाय.”