नल्लकुंट्यात सापडलेल्या चार ओळी

रविवार, १८ जानेवारी

पाच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. तातार आणि तुर्कांच्या गुलामीतून माणसं सोडवून आणणाऱ्या जुन्या पोलिश सरदारांच्या आठवणी मी इंग्रजीवरून मराठीत आणत होते. पुस्तक छापखान्यात गेलं आणि हैदराबादहून सरांचा फोन आला. कॉलेजात त्यांनीच मला इतिहास शिकवला. तिसरं प्रकरण मुळाशी ताडून बघायला ये, म्हणाले.

शुक्रवारी पुण्याहून सकाळची गाडी धरली, दुपारी सिकंदराबाद. जाणाऱ्यांनी डबा घरून न्यावा. रिक्षावाल्याने सरांच्या घरापर्यंत, नल्लकुंट्याचे दोनशे सांगितले, दीडशेवर आला. कोठीच्या बाजारातली जुनी पुस्तकं बघायला शनिवारची सकाळ ठेवली होती, ती राहिलीच.

सरांची रीत अशी, की एकाने मूळ मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने भाषांतरावर बोट फिरवायचं. त्या प्रकरणातला सरदार जमीन गहाण टाकून अठरा माणसं सोडवतो. सतरा जण मायदेशाच्या मातीला ओठ लावतात. अठरावी एक बाई, ती रडते. माझ्या मराठीत ते आनंदाश्रू होते. सर पुढे वाचत राहिले, पण माझ्या बोटाखाली मजकूरच नव्हता. लहानपणी पळवून नेलेल्या त्या बाईला तिकडे मूल झालं होतं आणि ते सौद्यात नव्हतं. वाटेत ती दोनदा मागे पळाली. दोनदा तिला घोड्यावर घालून आणलं.

सरांनी चष्मा काढला. “पोर कुठं गेलं गं?”

“लांबी कमी करताना गाळलं, सर.”

“चार ओळी?”

काकू आंबट डाळ घेऊन आल्या. आता वाचणं नक्को, तिला जेवू द्या, म्हणाल्या. मग वाढता वाढता त्यांनीच विचारलं, “इकडं त्या बाईचं कोण होतं?”

सरांनी पुढची दोन पानं चाळली. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

आज परतीच्या गाडीत तेच घोळत राहिलं. लांबीचं कारण खरं होतं की सरांसमोर सुचलं, मला ठरवता येत नाही. सरदाराला दुष्ट म्हणावं, तर त्या सतरा जणांचं काय? त्यांचा आनंद खोटा नव्हता. सरदाराने आपली जमीन घालवली तीही खरीच. आणि तरी ती बाई घोड्यावर बांधल्यासारखी बसलेली दिसते. आनंदाश्रू मी लिहिले, सरदाराने ‘रडली’ एवढंच लिहिलं आहे.

घरी येऊन चार ओळी परत घातल्या. ‘आनंदाश्रू’ खोडलं. त्या जागी काय लिहावं ते अजून कळत नाही.

उद्या: छापखाना उघडताच फोन करून तिसरं प्रकरण थांबवणे.