वेबसाइटवाले रामनाथबाब

रामनाथबाब आमच्या वेबसाइटचं काही काम करायला बसले, की आधी माझा मोबाइल काढून घेत आणि उंच फळीवर ठेवत. "तू गप बस मरे. तू मदत केलीस की काम वाढतं." गोव्यात, मांद्र्याला माझं स्वतःचं गेस्टहाउस, पाहुण्यांशी मी तीन-चार भाषांत फडाफडा बोलणारा, पण त्यांच्यापुढे हात मांडीवर ठेवून बसत असे.

ते डिचोलीचे. खाण कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचे. खाण बंद पडली, तेव्हा लोकांच्या वेबसाइट सांभाळू लागले.

एकदा त्यांना न विचारता मी आमची वेबसाइट दुसऱ्या कंपनीकडे हलवली. नेमसर्व्हर बदला, असं त्या कंपनीने सांगितलं, रामनाथबाबांनी अडीअडचणीसाठी दिलेल्या त्यांच्या खात्याच्या पासवर्डने मी बदलले. वेबसाइट झकास उघडली. मी गावभर मिरवलो. शिवाय पाहुण्यांच्या तक्रारींच्या मेलही येईनाशा झाल्या. आपली सेवा सुधारली, असं मी बायकोला सांगितलं.

मग एका सकाळी एक कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं राहिलं. दोन दिवस आधी येतोय, असं त्यांनी मेलने कळवलं होतं म्हणे. माझ्या सगळ्या खोल्या भरलेल्या. कडेवरचं मूल रडत होतं. शेजाऱ्याच्या हातापाया पडून त्यांची सोय केली आणि रामनाथबाबांना फोन लावला.

ते स्कूटरवरून आले. लॅपटॉपमध्ये डोकावले आणि हसायलाच लागले.

"नेमसर्व्हर म्हणजे तुझ्या नावाचा ठावठिकाणा सांगणारा. कोणी विचारलं की तो सांगतो, वेबसाइट इथं, मेल तिथं. तू तो सांगणाराच बदललास. नव्याला वेबसाइट कुठं ते ठाऊक. मेल कुठं पाठवायची, ते त्याला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"मग तो काय कपाळ सांगणार?"

त्यांनी मेलची नोंद घातली. बायकोच्या मोबाइलवरून मी लगेच मेल पाठवून पाहिली. आली नाही. "चुकलं वाटतं. परत बदलूया?"

"हात लावू नको मरे! बाहेरच्या मशीननी जुनं उत्तर धरून ठेवलंय. ते सुटायला वेळ लागतो. जेवायला वाढ."

माशाचं हुमण आणि भात जेवून ते व्हरांड्यात चक्क घोरू लागले. संध्याकाळी पहिली मेल आली. नळ गळत असल्याची तक्रार होती. त्यांनी ती माझ्या बायकोला मोठ्याने वाचून दाखवली.

पुढे ते आजारी पडले. एक दिवस त्यांचा फोन आला, "डिचोलीला ये." आमच्या वेबसाइटच्या नावाची नोंदणी माझ्या आळसामुळे त्यांच्याच खात्यात होती. ती त्यांना माझ्या खात्यात करून द्यायची होती.

"तुमच्याकडेच असू दे, बाब."

"आणि मी गेल्यावर? मुदत संपत आल्याची सूचना मला येऊन काय उपयोग? नाव सुटलं तर दुसरा उचलेल."

उशीला टेकून त्यांनी सगळं माझ्याकडूनच करून घेतलं. मी पासवर्ड चुकत होतो. ते खोकत, थांबत, पुन्हा सांगत. काम झालं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

थोड्याच आठवड्यांत ते गेले. बाराव्याला त्यांची गिऱ्हाइकं जमली. हॉटेलवाले, काजूवाले, एक भजनी मंडळसुद्धा. प्रत्येकाला त्यांनी असंच बोलावून ज्याचं नाव त्याच्या हवाली केलं होतं. बोलता बोलता कळलं, सर्वांत आधी बोलावणं मला होतं. माझा ऊर भरून आला. त्यांच्या पत्नीला, सरिताबायंना, मी म्हणालो, "बाबांचा माझ्यावर सगळ्यांहून जास्त जीव होता."

"होता तर," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "म्हणायचे, त्याला समजवायला फार शक्ती लागते. अंगात त्राण आहे तोवर त्याचं आधी उरकूया."