मोहाखालचा वाघ

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. नमाजानंतर दुआसाठी हात उचलले तेव्हा तरी नीट सांगितलं का? जे झालं ते माफ कर – एवढंच पुटपुटले. काय झालं, ते गाळलं. कपडा कापताना मी सूतभर चुकत नाही, आणि इथे कात्री कुठून लावावी तेच कळत नाही.

मी शिलाईकाम करते. आमचा मोहल्ला गावाच्या अगदी टोकाला. त्यापुढे नगरपंचायतीची पाण्याची टाकी, टाकीखाली नळ, आणि तिथून जंगलाच्या कडेकडेने टोल्यावर जाणारी पायवाट. टोला म्हणजे गोंडांची वेगळी वस्ती. तिथल्या बाया ब्लाउज शिवायला माझ्याकडेच येतात. सुगंधा त्यांतलीच. मापाला उभी राहिली की हसत सुटते, टेपने गुदगुल्या होतात म्हणून. म्हणजे ती परकी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षी उन्हाळा लागण्याआधीच तलाव आटला. टाकी दिवसातून एकदाच भरायची. नगरपंचायतीने पाळ्या लावून दिल्या – सकाळी टोला, संध्याकाळी मोहल्ला. टोल्याचं भरून उरेल ते आमचं. आमच्या बाया म्हणायच्या, हे लोक टाकीच पिऊन टाकतात. मीही म्हणायचे. खरं तर त्या डोक्यावर मावतील तेवढेच पितळी गुंड भरून न्यायच्या. आम्हांला प्यायला पुरत होतं, रांधायला पुरत होतं. पुरत नव्हतं ते कूलरला.

हो, कूलरला. आमच्याकडचं ऊन ज्याने सोसलंय त्याला कूलर काय ते सांगायला नको. पण तो बादल्यांवर बादल्या पितो. त्यात लग्नसराई, मशीनवर बसलं की घाम थेट कपड्यावर टपकतो – पाहा, लागले ना कारणं द्यायला? मला गार वारा हवा होता. एवढंच.

एका संध्याकाळी सुगंधा तिचा ब्लाउज न्यायला आली. मी म्हटलं, सकाळी सांभाळून या गं, वाटेवरच्या मोहाच्या झाडाखाली वाघ बसलेला पाहिला मी. वाघ? तिथे कुत्रंसुद्धा नव्हतं. आधीपासून मनात होतं का? नव्हतं बहुतेक. पण निघालेला शब्द मागे घ्यायला कितीसा वेळ लागला असता?

ती माझ्यासमोर खालीच बसली. मग म्हणाली, "भाभी, सोताच्या डोयानं पाह्यला?"

"सोताच्या डोयानं," मी म्हटलं, आणि हुकाला टाका घालत राहिले.

जवळच्या मोहर्लीला, जंगलसफारीच्या फाटकावर, लोक लांबून वाघ पाहायला येतात. आम्ही तो दिसू नये म्हणून हात जोडतो. ज्यांच्या ओळखीतलं माणूस जंगलातून परत आलेलं नाही, ते वाघाची खबर पारखून घेत नाहीत. आमच्या घरी म्हणतात, झूठ के पाँव नहीं होते. माझ्या खोट्याला चांगले चार होते. दुसऱ्या दिवशी टोल्यावरून कुणी आलं नाही. वनरक्षक पाहून गेला, म्हणाला, जमीन कडक आहे, पंजा उमटणारच नाही, सावध राहा. संध्याकाळी टाकी काठोकाठ. माझा कूलर रात्रभर चालला आणि मी गाढ झोपले – हेही सांगायलाच हवं.

टोल्यावर पाणी कुठून येतंय? मी विचारलंच नाही. त्या बाया नाल्याच्या वाळूत झिरा खोदून, त्यात पाझरेल ते पाणी भरत होत्या, जंगलात आणखी आत, जिथे खरोखरच वाघ पाण्यावर येतो. खोट्या वाघाच्या भीतीने मी त्यांना खऱ्याच्या दारात पाठवलं होतं. वाघ आला नाही. पण त्या पाण्याने सुगंधाच्या लहानग्या लेकीला, फुलाला, हगवण लागली. दवाखान्यात तिला सलाइन लावलेली पाहिली. मनगटाला माझी दोन बोटं पुरली असती. सुगंधा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही – आणि विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? भ्याले मी.

फुला वाचली. घरी येऊन मी शेजारच्या रशीदाभाभीला पोरीचं सांगितलं. वाघाचं नाही. रशीदाभाभी म्हणजे टोल्याच्या बायांशी नळावर सगळ्यांत जास्त भांडणारी. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाघ हाय, तं आपन जाऊ टोल्याच्या बायायले आनाले. काऊन बसून राह्यलो आपन?"

दुसऱ्या सकाळी आमच्या बाया थाळ्या वाजवत टोल्याकडे निघाल्या. सगळ्यांत पुढे मी, कारण जागा मलाच ठाऊक होती. मोहाखाली सगळ्या थांबल्या. मी बोट दाखवलं – इथे.

मग रोज सकाळी त्यांना आणायला जायला लागलो, आणि नळावर सोबतच भरायला लागलो. ज्यांना सोबत आणलं त्यांच्यासमोर मग संध्याकाळच्या पाळीचा हिशेब कोण मांडणार? एक गुंड टोल्याचा, एक मोहल्ल्याचा, आधी प्यायचं, बाकीचं मागून – कुणी ठरवलं नाही, तशी सवय पडत गेली. टाकी पावसापर्यंत पुरली. नगरपंचायतीनेही पुढे हीच रीत ठेवली. यंदाही टाकी एकदाच भरते, पण नळावर भांडण नाही, उलट हसणंच जास्त. मला याचा फार आनंद होतो. पण तो माझा आहे का? हे रशीदाभाभीने केलं, सुगंधाने केलं. माझी त्यात फक्त थाप.

आणि सुगंधा मला चारोळी आणून देते. म्हणते, "तुमी सांगतलं म्हनून आमी वाचलो, भाभी." मी घेते. खातेही.

यंदा त्या मोहाची फुलं कुणी वेचली नाहीत. सडा पडला आणि तसाच सुकून गेला. फुला आता छोटी कळशी घेऊन आमच्यासोबत येते. पोर धीट आहे, सापालाही भीत नाही. पण ते झाड जवळ आलं की माझा हात घट्ट धरते. माझाच. झाड मागे पडलं की सोडते.

उद्या सकाळी ती हात धरेल तेव्हा मी तिथेच थांबणार आहे. सुगंधाला सांगणार आहे, सगळ्यांसमोर, की इथे वाघ कधीच नव्हता. कूलरचंही सांगणार आहे.