पापणीचा केस

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे ताईंना, कामासाठी पापणीचा केस लागतो. त्या प्रयोगशाळेत मेंदूच्या तुकड्यांचे काप काढतात. काप इतके पातळ की चिमटा लागला तर फाटतात. म्हणून काडीच्या टोकाला नेलपॉलिशच्या थेंबानं पापणीचा केस चिकटवायचा आणि पाण्यावर तरंगणारा काप त्यानं हळूच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या बारीक जाळीकडे ढकलायचा. ताईंनी लग्न केलं नाही. संसार काय तो काप काढायच्या यंत्राशी. हात जरासुद्धा हलत नाही म्हणून तिथं सगळे त्यांना 'स्थिरबाई' म्हणतात.

एकदा भाजी निवडताना मी विचारलं, "त्या कापात दिसतं तरी काय?"

"पिशव्या. मज्जातंतूच्या टोकाशी बारीक पिशव्यांची दाटी असते. निरोप आला की पिशवी भिंतीला चिकटते, आतलं रसायन पलीकडे ओतते. मग तिचं आवरण आत ओढून पुन्हा भरायचं. तू दुधाच्या पिशव्या धुऊन वापरतेस ना, तसंच."

"आणि जुनी झाली की?"

"जुनं सामान माघारी पेशीच्या पोटात जातं, तिथं मोडीत निघतं. तुझ्या माळ्यासारखं साठवून ठेवत नाहीत."

टोमणा मला कळला. मी भाजीची पुढची जुडी सोडायला घेतली.

परवा ताई आल्या त्या पर्स न ठेवताच म्हणाल्या, "अगं, पापणीचा केस देतेस? माझ्या पापण्या विरळ झाल्यात."

मी केस काढून कागदावर ठेवला. त्या तो काडीनं टिपायला गेल्या आणि काडी कागदावर टकटक वाजू लागली. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं. टकटक थांबेना.

"कधीपासून?"

"बरेच दिवस. काप बुडायला लागले, तर मी दोष केसाला दिला. केसावर केस बदलले."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलेच नाही. हात हलतोय म्हणजे माझ्या मेंदूत रसायन कमी पडतंय, हे मला कुणी वेगळं सांगायला हवं?"

"हवं. तुम्हाला कापातलं दिसतं ताई, स्वतःच्या डोक्यातलं नाही."

त्यांनी काडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "उद्याचा तुकडा एकच आहे. बिघडला तर दुसरा मिळायचा नाही. आणि डॉक्टरांना हात दाखवला, तर मला यंत्रावरून उठवून नुसतं खुर्चीवर बसवून ठेवतील."

उजव्या हाताकडे एकदा पाहून त्यांनी काडी माझ्याकडे सरकवली.

"तूच चिकटव. उद्या माझ्या जागी जी बसेल, तिला चांगली काडी हवी. देऊन येते, मग डॉक्टरांकडे जाऊ."

मी केस चिकटवला. ताईंनी काडी उजेडात धरायला लावली, वाकून पाहिलं.

"तिरका बसलाय," त्या म्हणाल्या. "काढ. पुन्हा लाव."