शशीच्या ताटातला गहू

भाऊच्या धक्क्यावर आम्हाला निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात गहू होता. शेजारच्या मावशींनी वाटेसाठी पुऱ्यांचा डबा आणला होता, खालच्या मजल्यावरच्या काकांनी बिस्किटांचे दोन पुडे. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणीने तर अख्खा केकच आणला होता. मालवण आफ्रिकेच्या वाटेवर आहे अशी तिची समजूत होती. आई सगळ्यांचे डबे घेत होती आणि मी सहा वर्षांच्या शशीला, माझ्या धाकट्या बहिणीला, त्या डब्यांपासून लांब धरून उभी होते. बोट सुटल्यावर आईने ते सगळं डेकवरच्या प्रवाशांना वाटलं. एका बाईंनी विचारलं, "लग्न ठरलं का हो मोठीचं?" मी चौदा वर्षांची होते. त्यानंतर देवगड येईपर्यंत मी मान वर केली नाही.

तुम्ही मुंबईची मंडळी आणि बाहेरगावी गेलेली चुलत-मावस भावंडं अजून पत्रांतून विचारता की आम्ही गावी का राहिलो, म्हणून लिहिते. शशीचं पोट फुगायचं, हातपाय काड्यांसारखे झाले होते, जुलाब थांबत नव्हते. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं : सीलिअ‍ॅक. गव्हात ग्लूटेन म्हणून एक चिकट भाग असतो, तो हिच्या आतड्यांना सोसत नाही. औषध नाही; गहू बंद, तोही कायमचा. पण मुंबईत रेशनवर तांदूळ थोडा आणि गहू फार. बाबा म्हणाले, "आपल्या गावात भाताशिवाय आहे काय? पोरींना घेऊन जा." सगळा गाव मुंबईला जातो, आम्ही उलट निघालो. नोकरीसाठी बाबा एकटे मागे राहिले.

मालवणच्या किनाऱ्यावर पडावातून उतरलो तेव्हा मोठी काकी उभी होती. तिने शशीला उचललं आणि म्हणाली, "ह्या चेडू वाऱ्यावर उडान इला काय गो?" घरी तिने मला पाणी दिलं, मी "थँक्यू" म्हटलं. संध्याकाळपर्यंत वाडीत माझं नाव 'थँक्यूबाय' पडलं होतं. मग मी बोलणंच कमी केलं. न बोलणाऱ्या माणसाला दिसतं मात्र खूप.

मला दिसू लागलं की भाताच्या गावातही गहू लपून बसतो. हिंगाच्या खड्यात कणीक मिसळलेली असते. कोंबडीबरोबरचे वडे तांदळाचे, पण भाजणीत मूठभर गहू पडतोच. गिरणीत आमच्या आधी कोणाचे गहू दळले असले तर आमच्या तांदळाच्या पिठात ते थोडे येतातच. हे सगळं मी वहीत इंग्रजीत लिहीत असे आणि आईला एकटीला गाठून सांगत असे. काकीने कुरकुर न करता माळ्यावरचं जातं खाली काढलं. घावणे, आंबोळ्या, पेज, शिरवाळ्या असं सगळं तांदळाचं खाऊन शशी दिवाळीपर्यंत पेरूच्या झाडावर चढू लागली. बाबा सुट्टीत आले तेव्हा त्यांनी तिला आधी ओळखलंच नाही, निदान तसं नाटक तरी केलं.

मार्गशीर्षात ती पुन्हा खंगली. तेच पोट, तोच पांढरा चेहरा. आईने बाबांना पत्र लिहायला घेतलं : हिला मुंबईच्या हॉस्पिटलात ठेवावं लागेल. मी वही तीनदा वाचली. त्यात लिहिलेलं काहीही आमच्या चुलीवर शिजत नव्हतं.

एका दुपारी मागीलदारी लाकडं आणायला गेले, तर लाकडांमागे झाकलेलं पातेलं दिसलं. आंबूस वास आला. आत टपोरे भिजलेले गहू, आणि शेजारी सुपात फडक्यावर वाळत घातलेली पांढरी पूड. गव्हाचं सत्त्व. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून घरोघरी करतात ते.

"काय बघतस गो?" मागून काकीचा आवाज आला.

"हे शशीला देता का?"

काकीने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "रोज एक चमचो, दुधात शिजवून. आवशीक सांगू नको हां. चेडवाच्या अंगात जीव नाय, म्हणान."

"पण हा गहू आहे."

"गहू खंय ऱ्हवलो? साल गेली, चोथो गेलो. ह्या नुसता सत्त्व आसा."

सात महिन्यांत मी काकीशी चार पूर्ण वाक्यं बोलले नव्हते. त्या दिवशी सगळं एकदम बोलले. डॉक्टर काय म्हणाले, आतड्यात काय होतं, आणि गहू वाटताना जे तुमच्या बोटांना चिकटून राहतं तेच शशीला बाधतं, तेच यात उतरतं. ते पुस्तकी मराठीत होतं आणि शेवटी मी रडत होते. काकी आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"म्हणजे मीच चेडवाक वीख घातलंय?"

तिने पातेलं उचललं, सगळे गहू म्हशीपुढे ओतले आणि म्हणाली, "खा गो बाय, तुका तरी सोसतला." मग पदर खोचून सरळ आईकडे गेली आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. आई म्हणाली, "वैनी, चूक माझी. मी नुसतं 'गहू नको' म्हटलं, का ते सांगितलंच नाही." पत्र अर्धंच राहिलं. दुसऱ्या दिवशी काकीने नाचणी भिजत घातली. सत्त्व ती करणारच होती, फक्त धान्य बदललं. होळीला शशी पुन्हा झाडावर होती.

त्यानंतर काकी पोलीस झाली. कुडाळच्या एका बारशाला तिने आचाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून सांगितलं, "आमच्या चेडवाच्या बांगड्याक रवो नको, तांदळाचा पीठ लाव. आणि तवो आधी धू!" तो म्हणाला, "काकी, तुम्हीच तळा मगे." तिने पदर खोचला आणि बांगडे तळलेही. वाडीतल्या एकेका घरी जाऊन तिने हिंग, भाजणी, गिरण सगळं समजावलं. माझ्या वहीतलं सारं, पण मालवणीत, शिव्यांसकट, आणि म्हणून लोकांच्या लक्षात राहिलेलं.

याला सहा वर्षं झाली. बाबांना आता दोन खोल्या मिळाल्या आहेत आणि तुम्ही विचारता, घरी परत कधी येणार? गेल्या मे महिन्यात शशीला घेऊन आले होते ना मी? तुम्ही सगळ्यांनी किती प्रेमाने बोलावलंत, आणि प्रत्येक पानावर मला आधी चौकशी करावी लागली. तुमचा राग नाही. पण आठ दिवसांत मी दमले.

काल दुपारी इथे पानं वाढली आणि शशीचा पत्ता नव्हता. आई हाक मारायला उठली, तोच तीन घरं पलीकडून आवाज आला, "गो, तुमचा चेडू हयसर जेवताहा! वाट बघू नकात!" आईने शशीच्या पानातला भात परत टोपात घातला आणि आम्ही जेवायला बसलो. तिकडे काय वाढलंय, हे कोणी विचारलं नाही.