आबांच्या नावावरचं मीटर

हे मी बायकोलासुद्धा पुरतं सांगितलेलं नाही. अर्धं तिला माहीत आहे, कारण त्या अर्ध्यात ती होती. उरलेलं अर्धं आजवर कुणासमोर तोंडातून निघालं नाही. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही बुवा. तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ रेटत नाही.

मी कुरुंद्याचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, गणित शिकवतो. पण गावात मला कुणी गणिताचे गुरुजी म्हणत नाही — 'बिलवाले गुरुजी' म्हणतात. कुणाचं लाईटबिल जास्त आलं की तो कागद घेऊन माझ्या दारात. स्थिर आकार म्हणजे काय, वहन आकार म्हणजे काय, मागच्या महिन्यात मीटर न पाहताच बिल काढलं का — मी सगळं फोड करून सांगायचो. गॅसवर भाकरी परवडते की करंटच्या शेगडीवर, तेही माझ्याकडं तोंडपाठ. चहा शेगडीवर, भाकरी गॅसवर, कुकर शेगडीवर. बाया हसायच्या, पण घरी जाऊन तसंच करायच्या. मला ते फार आवडायचं. हो, आता खोटं कशाला बोलू?

आणि माझी सगळ्यात मोठी हुशारी म्हणजे दोन मीटर. पहिली शंभर युनिटं स्वस्त असतात, पुढची महाग. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की शंभर कुठल्या कुठं मागं पडतात. मग करायचं काय? एका घराची दोन घरं करायची. दोन मीटर घेतली की स्वस्तातली शंभर युनिटं दोनदा मिळतात. स्थिर आकार दोनदा भरावा लागतो, पण तो धरूनही माणूस फायद्यात राहतो, मी कितीदा मांडून पाहिलंय. त्यासाठी रेशनकार्ड वेगळं काढायचं, गॅसचं कार्ड वेगळं, आणि बाँडवर लिहून द्यायचं — आम्ही विभक्त राहतो, आमची चूल वेगळी आहे. माझ्या सांगण्यावरून गावात आठ-दहा घरं अशी कागदावर विभक्त झाली. वीज कंपनीचा साहेब पाहून गेला की दुसरी शेगडी माळ्यावर, आणि भाऊ-भाऊ पुन्हा एका पंगतीला. लबाडी होती हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण सगळेच करतात म्हटल्यावर माणसाला लबाडीसुद्धा व्यवहार वाटायला लागते. कुणाचं काही बिघडलं नाही.

आमच्या घरचं बिघडलं.

आबा म्हणजे माझे वडील. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मापाडी होते. हळदीचं पोतं काट्यावर चढलं की आबा मोठ्यानं आकडा सांगायचे आणि तोच धरला जायचा. अडत्या डोळा मारो की शेतकरी हात जोडो, आकडा इकडचा तिकडं व्हायचा नाही. आई गेली, आबांचे गुडघे गेले, तसे ते घरी बसले. रस्त्याकडची पुढची खोली त्यांची. तिला स्वतःचं दार होतं — आणि माझ्या हुशारीला तेवढंच पाहिजे होतं.

बाँड पुढं ठेवला तर आबा म्हणाले, "आपली चूल एकच हाय ना? मग दोन काहून लिहू?"

दोन दिवस समजावलं. आबा, नुसता कागद आहे. आबा, सगळं गाव करतंय. ते मान हलवायचे, सही करायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी बोलून गेलो — "कूलर तुमच्याच खोलीत चालतो ना दिवसभर? मग बिल कुणापायी येतं?"

बोललो खरा. आबा माझ्याकडं बघत राहिले. मग चष्मा मागितला आणि सही केली. मला वाटलं, चला, एकदाचं पटलं.

पाहणीच्या दिवशी आम्ही त्यांच्या खोलीत छोटी शेगडी मांडली, तवा, परात, चार भांडी ठेवली. आलेला साहेब भला माणूस होता. त्यानं आबांनाच विचारलं, आजोबा, स्वयंपाक वेगळा करता का? आबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "व्हय." जन्मभर काट्यावर उभा राहिलेला माणूस — मी त्याच्या तोंडातून ते काढलं.

संध्याकाळी माझी बायको सुनंदा ती भांडी उचलायला गेली तर आबांनी परातीवर हात ठेवला. "राहू दे, पोरी. त्या माणसाला मी तोंडानं सांगितलंय. आता ते खोटं पडू द्यायचं न्हाई."

आम्ही हसलो. काय सांगू तुम्हाला, आम्ही दोघं आत येऊन चक्क हसलो. म्हातारा रुसलाय, चार दिवसांत येईल ताटावर, असं मी म्हणालो. चार दिवस झाले, महिना झाला. आई होती तोवर आबांनी चहासुद्धा कधी केला नव्हता. आता भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, थांबत-थांबत, आणि मागोमाग करपल्याचा वास. सुनंदाचा घास हातातच राहायचा. ती ताट वाढून घेऊन जायची, ते तसंच परत यायचं. सणाला बोलावलं तर येईन म्हणाले, पाहुणा म्हणून. आणि आले की हो! पोळ्याला आले, पाय धुऊन बसले, एक पोळी मागून घेतली नाही, आणि उठताना "येतो बरं का" म्हणून आपल्या खोलीत गेले. स्वतःच्या घरात! माझी पोरगी त्यांच्या खोलीत जाऊन जेवायची, तिला ते हौसेनं पिठलं वाढायचे. पण आमच्या घरचं मिठाचं बोटसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर मीटर काढून टाकायचं. सुनंदाही तेच म्हणायची. "अवं, एक अर्ज तर करायचा हाय. कागदावर एक घर झालं की येतील ते." आणि ते आले असते. मला पक्कं ठाऊक होतं. एक अर्ज, वसमतला एक फेरी — बापाला पंगतीत आणायला एवढंच लागत होतं.

नाही केला मी तो अर्ज. का? सुनंदाला मी बिल दाखवायचो, दोन मीटरचा फायदा दाखवायचो. आकड्यापुढं कोण बोलणार? पण नुसतं बिलाचं नव्हतं. मी भीत होतो. अर्ज द्यायचा म्हणजे आधीचं खोटं होतं हे कबूल करायचं. उद्या साहेब विचारेल, गुरुजी, गावात असे आणखी कितीजण? ज्यांना मी शिकवलं ती सगळी घरं उघडी पडली असती, आणि माझी मास्तरकी टांगणीला लागली असती. झाकली मूठ होती, झाकलेली राहू दिली.

आणि अजून एक आहे. ते सांगताना कसंसंच होतंय. घर मोकळं वाटायला लागलं होतं. आबांना भाजीत मीठ कमी लागायचं, टीव्हीचा आवाज खपायचा नाही, पोरीच्या वहीत डोकावून ते मलाच चुका दाखवायचे. ते सगळं बंद झालं. मी जेवताना पाय पसरून बसायला लागलो. मला बरं वाटत होतं. पलीकडं करपलेल्या भाकरीचा वास येत होता, आणि मला बरं वाटत होतं.

गाव काय गप्प बसतं होय? बिलवाल्या गुरुजींनी बापाला वेगळं काढलं, असं पारावर चालायचं. मी सांगायला सुरुवात केली — मी न्हाई काढलं बाबा, त्यांचाच हट्ट आहे. म्हातारपणी डोकं फिरतं एकेकाचं. हे सांगताना मी असा चेहरा करायचो की समोरचा माझीच पाठ थोपटायचा. कूलरचं बोललो ते कुणाला सांगितलं नाही. सुनंदालाही नाही, ती त्या दिवशी माहेरी होती.

माझी धाकटी बहीण मंदा हट्टा गावात दिलीय. आबांचा तिच्यावर फार जीव. तिचा फोन आला, तिलाही मी तेच सांगितलं. तिचा विश्वास बसेना. आली तडक, आणि आबांच्या खोलीत मला बसवून माझ्यासमोरच त्यांना विचारलं, "आबा, दादानं तुमाला वेगळं काढलं, का तुमीच झालात? खरं सांगा."

आबा माझ्याकडं बघत बसले. त्यांना काय पाहिजे होतं ते मला कळत होतं — मीच बोलावं. मोंढ्यात आकडा सांगायच्या आधी ते असेच काटा स्थिर व्हायची वाट बघायचे. किती वेळ गेला असेल? चहा निवला. मी खाली फरशीकडं बघत होतो.

"माझी मर्जी," आबा म्हणाले.

मंदा भडकली. लोकं दादाला नावं ठेवतात तुमच्यापायी, एवढा कसला ताठा, आई असती तर काय म्हणाली असती — नाही नाही ते बोलली. मी तिथंच होतो. एक शब्द काढला असता तर ती थांबली असती. राखीला आली तेव्हा ती सरळ माझ्याकडं आली. आबांनी सकाळीच जाऊन जास्तीचं दूध आणून ठेवलं होतं तिच्या चहासाठी, मी पाहिलं होतं. ती त्यांच्या दारावरून गेली, आत गेली नाही. त्या दुधाचं आबांनी काय केलं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पुढं एकदा तालुक्याहून पथक आलं. खोट्या चुली दाखवून मीटर घेतलेली घरं शोधत होते. गावात ही धावपळ! माळ्यावरच्या शेगड्या खाली आल्या, एकानं तर घाईत न्हाणीतच शेगडी मांडली. साहेब आबांच्या खोलीत शिरला, मी मागं उभा. पिठाचा डबा, काळा पडलेला तवा, एकच ताट, एकच वाटी, झाकून ठेवलेली अर्धी भाकरी. लोणच्याची छोटी बरणी. साहेबानं सगळं पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, हे मात्र खरं दिसतंय."

मी सुटलो. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला हो! बाप एकटा शिजवून एकटा खातोय याचा पुरावा समोर मांडलेला, आणि मला आनंद झाला. आबांनी तो माझ्या तोंडावर वाचला. त्यांनी आकडा वाचायचंच काम केलं होतं जन्मभर. त्यांनी भाकरीवर पुन्हा ताटली झाकली.

मागल्या हिवाळ्यात ते गेले. तापाचं निमित्त झालं, वसमतला दवाखान्यात ठेवलं. सुनंदा घरून डबा न्यायची. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कुणाच्या घरचं? ती म्हणाली, दवाखान्यातलं आहे आबा. तेव्हा खाल्लं. चार दिवस असं खोटं बोलून तिनं त्यांना आपल्या हातचं जेवू घातलं. मी कॉटपाशीच असायचो. ते शुद्धीवर होते, ऐकू येत होतं, खोलीत दुसरं कुणी नसायचं. आता सांगू, मग सांगू — चार दिवस मी ग्लुकोजची बाटली बघत बसलो. मंदा निघाली होती, पण पोचली तेव्हा उशीर झाला होता.

मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे. मृत्यूचा दाखला नेऊन द्यायला पाहिजे, दिलेला नाही. बिल येतं, मी भरतो.

पण मला सांगायचं होतं ते तेराव्याचं. सगळे सोयरे बसले होते. जो तो म्हणत होता, गुरुजींनी फार सोसलं, म्हातारा हट्टी होता, ऐकलाच न्हाई. मी मान खाली घालून ऐकत होतो. मंदा रडून रडून बसली होती. ती उठली, माझ्याजवळ आली, माझा हात धरला. "दादा, लई तकलीफ दिली रे त्यांनी तुला. आता गेले. मनात नको ठेवू. माफ करून टाक त्यांना."

सगळे माझ्याकडं बघत होते.

मी म्हणालो, "केलं."